विलापस्तोत्रे आणि शोकाचे मानसशास्त्र : धर्मशास्त्र प्रस्तावनेपुरते उरू नये म्हणून संशोधनाची आखणी कशी करावी?

अक्षरयात्री

नमस्कार. पीएचडीचा आराखडा सादर करायचा आहे. मानसशास्त्र आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र या दोन्हींतले जाणकार इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

विषय : जवळचे माणूस गमावलेल्या मराठी भाषिक ख्रिस्ती प्रौढांमध्ये देवाविषयीची तक्रार आणि शोकाची तीव्रता यांचा संबंध.

सध्याची आखणी अशी आहे. वसई आणि अहिल्यानगर इथून प्रत्येकी ७५, म्हणजे एकूण १५० सहभागी. मृत्यूला ६ महिने ते ३ वर्षे झालेली. संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो हे मोजण्यासाठी ब्रीफ आरकोप ही १४ विधानांची मापनी, आणि शोकासाठी १९ विधानांची आयसीजी. दोन्हींचे गुण काढून सहसंबंध पाहायचा. त्याआधी विलापस्तोत्रांवर, म्हणजे देवाकडे तक्रार मांडणाऱ्या बायबलमधल्या स्तोत्रांवर, साधारण ४० पानांचे धर्मशास्त्रीय प्रकरण.

अडचण अशी की ते ४० पानांचे प्रकरण उद्या काढून टाकले, तरी प्रश्नावली, नमुना, विश्लेषण यांतले काहीच बदलत नाही. सह-मार्गदर्शक धर्मशास्त्राचे आहेत आणि त्यांचा आक्षेप नेमका हाच आहे. मग धर्मशास्त्राने संशोधनात शिरायचे कुठून? या मापन्या पुरेशा आहेत का? आणि या दोन ठिकाणी काम करताना काय सांभाळावे?

---

स्तोत्रवाचक

सह-मार्गदर्शकांचा आक्षेप रास्त आहे, आणि त्यावरचा उपाय तुम्ही निवडलेल्या मापनीतच सापडतो.

ब्रीफ आरकोपमध्ये ७ विधाने सकारात्मक आणि ७ नकारात्मक धरली आहेत. नकारात्मक सातांपैकी एकाचा आशय असा : देवाने मला सोडून दिले की काय, असा प्रश्न मला पडला. आता स्तोत्र २२ उघडा. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मार्क १५:३४ प्रमाणे येशू वधस्तंभावरून हीच ओळ उच्चारतो. या मापनीवर त्या आरोळीला ‘नकारात्मक’ रकान्यात गुण मिळतील. देवाच्या प्रेमाविषयी शंका घेणे हे आणखी एक नकारात्मक विधान आहे, आणि स्तोत्र ७७ मध्ये नेमकी तीच शंका आहे. जी भाषा मंडळीने शतकानुशतके उपासनेत वापरली, तिलाच मापनी बिघाडाचे लक्षण मानते. इथे दोन्ही शास्त्रे खरोखर एकमेकांसमोर येतात, आणि तुमच्या प्रबंधाचा प्रश्न इथून उभा राहायला हवा.

आता ४० पानांतून नेमके काय उचलायचे ते सांगतो. गुंकेल आणि नंतर वेस्टरमान या बायबल अभ्यासकांनी विलापस्तोत्रांची जी घडण दाखवली तिच्यात देवाला हाक, तक्रार, विश्वासाची कबुली, विनंती आणि शेवटी स्तुतीचे वचन असे भाग येतात. स्तोत्र १३ अवघे ६ ओव्यांचे, म्हणून नमुन्यादाखल सोपे : १-२ मध्ये ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा, ३-४ मध्ये विनंती, ५-६ मध्ये भरवसा. या घडणीत पहिली जागा हाकेची आहे. सगळी तक्रार देवाला उद्देशून, ‘तू’ म्हणून केलेली असते.

याच्या शेजारी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा १४ वा अध्याय ठेवा. तिथेही लोक देवाने आपल्याला मरायला आणले असेच म्हणतात. पण ते मोशे आणि अहरोन यांच्याविरुद्ध कुरकुर करतात, आपापसांत बोलतात, देवाचा उल्लेख ‘तो’ असा करतात, आणि चौथ्या ओवीत नवा पुढारी निवडून मिसर देशाला परत जाण्याची भाषा करतात. ईयोबाच्या पुस्तकातही असाच भेद आहे. मित्र अध्यायामागून अध्याय देवाविषयी बोलतात, देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब देवाला थेट जाब विचारतो, आणि ४२:७ मध्ये निवाडा त्याच्या बाजूने लागतो.

यातून तपासता येईल असे गृहीतक निघते : तक्रारीचा आशय सारखाच असला तरी ती देवाला उद्देशून केली आहे की देवाविषयी, यावरून शोकाशी तिचा संबंध बदलतो. हे गृहीतक शोकाच्या मानसशास्त्रातून आपोआप निघाले नसते, आणि ते खोटे ठरण्याची शक्यताही खरी आहे. प्रबंधाला दोन्ही गोष्टी हव्यात. मग ते प्रकरण काढता येणार नाही, कारण प्रश्नावलीतली विधानेच त्यातून आलेली असतील.

एक सावधगिरी मात्र घ्या. ‘शेवटी भरवसा आला म्हणजे विलाप यशस्वी’ असे गृहीत धरू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तिथे कलाटणी नाही. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे आणि प्रार्थना म्हणूनच आहे. कलाटणीला मापदंड केलेत तर ८८ वे स्तोत्र म्हणणारा माणूस तुमच्या आकडेवारीत अपयशी ठरेल, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे.

---

मोजपट्टी

स्तोत्रवाचकांच्या गृहीतकाला पूर्ण पाठिंबा. पण ब्रीफ आरकोप टाकून देऊ नका, तिच्यामागे वजनदार पुरावा आहे. धर्माच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ‘देवाने सोडले का’ या विधानाला होकार देणाऱ्यांत मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी, देवाच्या प्रेमाविषयी शंका घेणाऱ्यांत २२ टक्क्यांनी, आणि हे सैतानाने घडवले असे मानणाऱ्यांत १९ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणून ‘विलाप चांगलाच’ असे लिहून मोकळे होता येत नाही. तीच ओळ एकीकडे प्रार्थना आहे आणि दुसरीकडे धोक्याची खूण, आणि दोन्ही खरे का असावे याचे एक संभाव्य उत्तर म्हणजे तक्रारीची दिशा : देवाला की देवाविषयी. मापनीतली विधाने ‘मला असे वाटले’ एवढेच विचारतात. ते वाटणे कोणाला सांगितले, हे त्यांत येत नाही.

त्यामुळे दिशेची छोटी मापनी स्वतः बनवावी लागेल.

एकाच आशयाची दोन विधाने लिहा. ‘देवाने मला एकटे टाकले, असे मी प्रार्थनेत देवालाच म्हटले’ आणि ‘देवाने मला एकटे टाकले, असे मी मनाशी किंवा इतरांजवळ म्हटले’. अशा १२ जोड्या, म्हणजे २४ विधाने. आशय विलापस्तोत्रांतून घ्या : विसरणे, तोंड लपवणे, उशीर, अन्याय, मौन, शिक्षा. ही २४ विधाने ६ ते १० तज्ज्ञांना दाखवा, त्यांत निम्मे धर्मशास्त्राचे असावेत. प्रत्येकाने १ ते ४ असे समर्पकतेचे गुण द्यायचे. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण ०.७८ च्या खाली गेले तर विधान वगळायचे किंवा पुन्हा लिहायचे. मग ८-१० जणांच्या मुलाखती घ्या. प्रत्येक विधान वाचून ‘याचा अर्थ तुम्हाला काय वाटला’ एवढेच विचारायचे. इथे हमखास अडणारी जागा सांगून ठेवतो : ‘देवाला म्हटले’ याचा अर्थ काही जण फक्त मोठ्याने केलेली प्रार्थना असा घेतात. मनातल्या प्रार्थनेचा उल्लेख सूचनेतच करा.

छापताना जोडीतली दोन विधाने लागोपाठ ठेवू नका. ठेवलीत तर लोक दोन्हींची तुलना करून मुद्दाम वेगळे उत्तर देतात आणि तुम्हाला खोटा फरक दिसतो.

नकारात्मक विधानांवर बहुसंख्य लोक ‘कधीच नाही’ लिहितील. नकारात्मक आरकोपचे गुण तळाला साचतात, हे या मापनीच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणून उत्तरे क्रमवाचक (फक्त चढता क्रम सांगणारी) धरा, अशा उत्तरांसाठीच्या पॉलिकोरिक सहसंबंधावर घटक विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधाने एकत्र जातात ते कळेल. सरासरी आणि पिअरसनचा नेहमीचा सहसंबंध यांवर विसंबू नका. घटक शोधण्यासाठी एक नमुना आणि पडताळण्यासाठी दुसरा, प्रत्येकी किमान २००. एकाच नमुन्यावर दोन्ही करणे ही या क्षेत्रातल्या प्रबंधांतली नेहमीची चूक आहे.

सर्वांत मोठा धोका असा की जो तक्रार करतो तो दोन्हीकडे करतो. दोन दिशांच्या गुणांतला सहसंबंध ०.८५ च्या वर गेला तर दोन स्वतंत्र घटक आहेत असा दावा टिकत नाही. हे आधीच नोंदवून ठेवा आणि असे झाले तर काय करणार तेही लिहा. प्रत्येकाच्या एकूण तक्रारीत ‘देवाला’ चा वाटा किती, हा एक पर्याय आहे, पण ज्यांनी तक्रारच केली नाही त्यांचा वाटा काढता येत नाही. त्यांचा गट वेगळाच ठेवावा लागेल.

१५० सहभागी अपुरे आहेत. ०.२० चा सहसंबंध ८० टक्के सामर्थ्याने (म्हणजे असलेला संबंध १०० पैकी ८० वेळा सापडेल असा) पकडायला सुमारे १९५ जण लागतात. इथे तर दोन सहसंबंधांतला फरक दाखवायचा आहे, त्याला आणखी लागतील. मी ३०० च्या खाली जाणार नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी ९ विधानांची मापनी जोडा, तिचे मराठी रूप उपलब्ध आहे. उदास माणूस प्रत्येक नकारात्मक विधानाला जास्त गुण देतो. ते वेगळे काढले नाही तर परीक्षकांचा पहिला प्रश्न तोच असेल.

---

गाळपेर

गृहीतक आवडले, पण ते आहे तितके सरळ नाही. बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाचा ३ रा अध्याय वाचा. पहिल्या १८ ओव्या देवाविषयीच आहेत : त्याने मला अंधारात चालवले, त्याने माझ्याभोवती भिंत घातली, तो माझ्यासाठी दबा धरून बसलेले अस्वल झाला. सगळे ‘तो’. ‘तू’ ठळकपणे येतो तो ४२ व्या ओवीपासून. स्तोत्र ७७ मध्येही ‘देव कृपा करायला विसरला काय’ हा प्रश्न तृतीय पुरुषात आहे आणि नंतर कवी देवाकडे वळतो. इतकेच काय, स्तोत्र २३ मध्येही सुरुवातीला ‘तो’ आहे, आणि नेमक्या अंधाऱ्या दरीपाशी, चौथ्या ओवीत, ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे होते.

म्हणजे देवाविषयी बोलणे हेच वाईट, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. पाहायचे ते हे की बोलणे कुठून कुठे जाते. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीला हा प्रवास दिसत नाही. जो ‘तो’ मध्ये अडकून बसला आहे आणि जो ‘तो’ कडून ‘तू’ कडे निघाला आहे, त्या दोघांचे आजचे गुण सारखेच येतील.

मानसशास्त्रातही याला आधार आहे. मोजपट्टी यांनी सांगितलेल्या अभ्यासाच्या पुढच्या भागात, २००४ मध्ये, असे दिसले की जे रुग्ण दोन्ही वेळा धार्मिक संघर्षात होते त्यांची प्रकृती जास्त ढासळली. फक्त एकदा संघर्षात असलेल्यांत ते चित्र तसे नव्हते. दीर्घकाळ अडकणे आणि मधून जाणे यांतला हा फरक.

म्हणून किमान दोन फेऱ्या करा, मध्ये ६ महिने. दुसऱ्या फेरीपर्यंत पाव भाग तरी गळेल असे धरा. ३०० हवे असतील तर ४०० पासून सुरुवात. आणि आखणीत ‘देवापासून दूर जाणे’ हे तिसरे माप हवेच : उपासना सोडणे, प्रार्थना बंद करणे. एक्सलाइन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये देवावरचा राग, देवाला सोडणे आणि देवाला जाब विचारणे या तीन गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या. सहभागींना जाब विचारणे त्यातल्या त्यात मान्य होते आणि सोडून जाणे सर्वांत अमान्य. गणना १४ चे ‘मिसरला परत’ म्हणजे हे तिसरे माप.

---

अक्षरयात्री

सर्वांचे आभार, प्रश्नाचे स्वरूपच बदलले. गाइडना एक प्रायोगिक भागही हवा आहे. कल्पना अशी : सहभागींनी स्तोत्र १३ च्या घडणीवर स्वतःचा विलाप लिहायचा, ४ दिवस, रोज २० मिनिटे. दुसऱ्या गटाने दिनक्रम लिहायचा. आधी आणि नंतर शोक मोजायचा. प्रत्येक गटात ३० जण. हे कितपत धरून आहे?

---

संथवाहिनी

प्रत्येकी ३० मध्ये हे करू नका. कारण सांगते.

भावनांविषयी लिहिण्याचे प्रयोग १९८६ पासून होत आहेत. पेनेबेकर आणि बील यांचा पहिला प्रयोग ४ दिवस, रोज १५ मिनिटे असा होता. २००६ मध्ये फ्राटारोली यांनी १४६ अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी परिणाम ०.०७५ इतक्या सहसंबंधाचा निघाला. तो खरा आहे, पण लहान. एवढा परिणाम दोन गटांच्या तुलनेत पकडायला प्रत्येक गटात सुमारे ७०० माणसे लागतात. प्रत्येकी ३० मध्ये फरक दिसला नाही तर त्याचा अर्थ काहीच लागत नाही, आणि दिसला तर तो फुगलेला असण्याची शक्यता जास्त.

शिवाय शोकाच्या बाबतीत चित्र आणखी अवघड आहे. श्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नुकताच जोडीदार गमावलेल्यांवर हेच करून पाहिले, आणि भावना लिहून काढल्याने शोक लवकर ओसरल्याचे दिसले नाही. तेव्हा नुसते ‘लिहा, मोकळे व्हा’ यावर तुमचा प्रयोग उभा राहू शकत नाही. उद्देशून लिहिण्याने काही वेगळे घडते का, हाच प्रश्न हवा, आणि त्यासाठी तुलनेचा गट दिनक्रमाचा असून चालणार नाही. दोन्ही गटांनी देवाविषयीच्या त्याच भावनांवर, तेवढाच वेळ लिहायचे. एकाने देवाला, दुसऱ्याने विश्वासू मैत्रिणीला पत्र लिहिल्यासारखे. फरक फक्त दिशेचा. दिनक्रमाचा तिसरा गट परवडला तर ठेवा.

पीएचडीच्या आवाक्यात बसणारा मार्ग म्हणजे प्रयोगाला परिणामकारकतेची चाचणी न म्हणता लेखनाचा गुणात्मक आणि प्रक्रियात्मक अभ्यास म्हणणे. २० ते २४ जण, प्रत्येकी ४ लेखने, म्हणजे ८० ते ९६ मजकूर. प्रत्येक वाक्याला दोन वाचकांनी स्वतंत्रपणे खूण करायची : देवाला, देवाविषयी, स्वतःविषयी, इतर. गाळपेर म्हणतात तो ‘तो’ कडून ‘तू’ कडे जाण्याचा क्षण इथे वाक्यागणिक दिसेल. दोन वाचकांतली सहमती कप्पाने (योगायोगाने जुळलेल्या खुणा वजा करून सहमती सांगणारा आकडा) काढा, ०.७० च्या खाली असेल तर खुणांचे नियम सुधारून पुन्हा. सर्वनामे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे सोपवू नका. मराठीत ‘का सोडलेस’ यात ‘तू’ लिहिलेलाच नसतो, तो क्रियापदात असतो.

लेखनाच्या सूचनेत स्तोत्राची घडण द्या, पण ‘आता भरवसा व्यक्त करा’ असा हुकूम देऊ नका. चौथ्या दिवशीची सूचना साधारण अशी असावी : ‘आज देवाला जे म्हणावेसे वाटते ते लिहा. विश्वास वाटत असेल तर तो लिहा, वाटत नसेल तर तसे लिहा.’ मागणीवरून लिहिलेल्या भरवशाला आधार म्हणून मोल नाही आणि पुरावा म्हणूनही नाही. शोकात असलेल्या माणसाला तो लिहायला लावणे क्रूर आहे, हे मी स्पष्टच म्हणते.

आता सुरक्षितता. लिहून झाल्यावर लगेच मन जास्त जड होते, हे या प्रयोगांत नेहमी दिसते. म्हणून शोकाचे मोजमाप शेवटच्या दिवशी न करता १ महिन्याने आणि ३ महिन्यांनी करा, पण रोज लिहून झाल्यावर ५ मिनिटांची चौकशी ठेवा. पीएचक्यू-९ चे नववे विधान जीव देण्याच्या विचारांचे आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आले तर त्याच दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने बोलायचे, हा नियम एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहा. ही तपासणी कागद गोळा करून महिन्याने डेटा भरताना झाली तर तिचा काही उपयोग नाही. कागद हातात येताच ते विधान पाहायचे. समुपदेशकाचे नाव आणि वेळ ठरलेली हवी, सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापील द्या. आत्महत्या, खून किंवा लहान मुलाचा मृत्यू झालेल्या घरांना लेखनाच्या भागात घ्यायचे का, हे गाइडबरोबर नीट ठरवा. मी पहिल्या अभ्यासात घेणार नाही. ज्यांचा शोक आधीच आजाराच्या पातळीवर आहे त्यांना प्रयोगाऐवजी उपचार हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत दीर्घ शोकाच्या निदानासाठी ६ महिने आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५-टीआर या निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी १२ महिने अशी वेगवेगळी मर्यादा आहे. तुम्ही ६ महिने घेतले आहेत, तर कोणत्या निकषावर ते लिहा. आयसीजीवर २५ पेक्षा जास्त गुण आले तर पुढे पाठवायचे, असा साधा नियम चालेल.

आणि अभ्यास हस्तक्षेपाच्या स्वरूपाचा राहिला तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी करा. मागाहून केलेली नोंदणी तिथे घेत नाहीत.

---

किनारपट्टी

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून थोडेसे.

वसई आणि अहिल्यानगर यांचा ‘मराठी ख्रिस्ती’ असा एक गट करू नका. वसईत प्रामुख्याने कॅथलिक, अनेक घरांत बोली सामवेदी किंवा वाडवळी, आणि मिस्सा मराठीत. माणूस गेल्यावर घरात रोझरी होते, महिन्याने मिस्सा होते, २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण होते. तिथे शोकाची भाषा बरीचशी सामुदायिक आणि ठरलेल्या शब्दांची आहे. ‘देवाला स्वतःच्या शब्दांत काय म्हटले’ हा प्रश्न काहींना अनोळखी वाटेल. मरियेपाशी केलेली तक्रार कुठे मोजायची, हेही ठरवून ठेवा, नाहीतर ती ‘इतरांजवळ’ मध्ये जाईल आणि ते धर्मशास्त्रीयदृष्ट्या गैर आहे. अहिल्यानगरकडे अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, आज बरेच जण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, शिवाय अलीकडच्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या. त्यांतल्या काही ठिकाणी तक्रारीचे शब्द तोंडातून काढणे म्हणजेच अविश्वास, अशी शिकवण असते. ‘तक्रार करणे पाप आहे असे तुम्हाला वाटते का’ यावर ३-४ विधाने घाला. माझ्या मते या अभ्यासात पंथापेक्षा हेच माप जास्त सांगून जाईल.

मराठी मंडळ्यांकडे विलापासाठी आणखी एक भांडार आहे, ते म्हणजे भजन. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर अभंगाच्या वळणाची जी गीते रचली ती आजही उपासनेत म्हटली जातात, आणि देवाशी हक्काने भांडण्याची संतांची रीत त्या वळणासोबत आली. मुलाखतीत ‘त्या दिवसांत कोणते गीत म्हणवत नव्हते, कोणते म्हणावेसे वाटले’ असे विचारा. थेट ‘देवावर राग आला का’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर मिळते.

प्रश्नावल्या फादर किंवा पाळक यांच्या हस्ते वाटू नका, चर्चच्या आवारात भरूनही घेऊ नका. परवानगी त्यांची घ्या, ओळख त्यांनी करून द्यावी, पण कागद बंद पाकिटात थेट तुमच्याकडे यावा. पाळक गोळा करतात तेव्हा देवावरची तक्रार कागदावर उतरत नाही, आणि आधीच तळाला साचलेले गुण आणखी साचतात.

वाचनासाठी पुण्यातली दोन ग्रंथालये गाठा : ज्ञानदीप विद्यापीठ आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही बाजूंचे साहित्य एका शहरात मिळते. जुनी कॅथलिक पुस्तके वाचताना स्तोत्रांचे क्रमांक तपासा; लॅटिन परंपरेत आपले २२ वे स्तोत्र २१ वे आणि ८८ वे ८७ वे असते.

---

अक्षरयात्री

मग असे ठरवते : मुख्य अभ्यास दोन फेऱ्यांचा, ४०० जणांपासून सुरुवात, लेखनाचा भाग २४ जणांचा, गुणात्मक. दिशेची मापनी त्याआधी. एकच शंका उरते. मापनी घडवायला दोन नमुने प्रत्येकी २००, आणि मुख्य अभ्यासाचे ४०० वेगळे, म्हणजे ८०० लोक. हे एकटीने कसे जमावे?

---

मोजपट्टी

वेगळे ८०० लागत नाहीत. घटक शोधण्यासाठीचे २०० शोकातले असायलाच हवेत असे नाही. गेल्या ५ वर्षांत कोणतेही मोठे संकट आलेले मराठी भाषिक ख्रिस्ती प्रौढ चालतील, त्यांत मुंबई-पुण्यातले ऑनलाइन भरणारेही घ्या. पडताळणी मुख्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीतल्या ४०० वर करा. एकूण ६०० झाले. फक्त मापनीची विधाने पहिल्या नमुन्यावर पक्की करून, विश्लेषणाची योजना ओएसएफ या संशोधन-नोंदणीच्या संकेतस्थळावर तारखेसह टाका आणि मगच दुसरा नमुना उघडा. पहिल्या फेरीचे आकडे पाहून विधान बदलले तर पडताळणी बाद होते.

वसई आणि अहिल्यानगर यांची सरासरी एकमेकांशी ताडण्याआधी मापनी दोन्हीकडे सारखीच चालते का ते पाहा : आधी घडण, मग घटकभार (विधानाचे घटकाशी नाते किती घट्ट), मग विधानांचे उंबरठे (एका उत्तरावरून पुढच्या उत्तराकडे लोक कुठे सरकतात). घटकभारांपर्यंत समानता निघाली आणि पुढे मोडली, तर गटांतर्गत संबंधांची तुलना करता येईल, सरासरींची नाही. तुमच्या गृहीतकाला संबंधच हवे आहेत, त्यामुळे तेवढ्यावर काम भागते.